तुळशीच्या कुंडीतली भूमिसखी

गांडूळ तक्रार करत नाही, मोर्चा काढत नाही, निवडणुकीत उपयोगी पडत नाही. त्यामुळे गडहिंग्लज तालुक्यातल्या शिपूरवाडीत सहा महिन्यांत गांडुळं संपत आली तरी कुणाच्या जेवणाची वेळ चुकली नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते रत्नाक्काच्या, आणि तेही ती गोणपाट भिजवायला गेली म्हणून.

साल २०४१, वैशाख. रत्नाक्का म्हणजे रत्नप्रभा चौगुले, वय बावन्न, गावातल्या रोपवाटिकेची मालकीण. शेडमध्ये गांडूळखताचे बारा बेड. बेडवरचं ओलं गोणपाट उचललं की खाली तांबूस गुंता वळवळताना दिसतो आणि उजेड लागताच आत पळतो, हे ती वीस वर्षं बघत आली होती. त्या दिवशी उचललं तर खाली नुसतं शेण, थापल्यासारखं घट्ट. पाइप लावला तर पाणी मुरेना, वरच तुंबून राहिलं. तिनं खुरपं घातलं. वीतभर खाली बोटाएवढं लांब, पांढरं, बुळबुळीत काहीतरी निघालं. डोळे नाहीत, पाठीवर शंख नाही. तोंडातून अर्धं गांडूळ लोंबत होतं आणि ते हळूहळू आत चाललं होतं, पोरानं शेवई ओढावी तसं.

शेजारी धाकटी जाऊ इंदू उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "आक्का, गोगलगाय म्हणावी तर ही मांस कशी खाती?"

"खाती हाय की," रत्नाक्का म्हणाली, "तुझ्या डोळ्यांदेखत."

डबीत माती, मातीत ते जनावर, आणि डबी घेऊन दोघी तालुक्याला मुजावर सरांकडे गेल्या. अल्ताफ मुजावर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एरवी मुंगीबद्दल विचारलं तरी तास घेणारा माणूस, पण डबी उघडून बघितली आणि गप्प झाला. प्राध्यापक गप्प बसला की प्रकरण गंभीर आहे असं समजावं. सरांनी भिंगाखाली त्या जनावराचं पोट उघडलं. आत साबुदाण्यासारखे सव्वीस मणी होते.

"काकू, ही भूमिसखी आहे," ते म्हणाले. "आणि ही अंडी आहेत. आता हिच्या पोटात अंडी असणं म्हणजे काय, ते सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब खाऊन शेतकऱ्यांना सळो की पळो केलं होतं. मीठ टाकलं, चुना टाकला, विषारी गोळ्या टाकल्या. गोगलगायी मरायच्या, पण जमिनीतली त्यांची अंडी जिवंत राहायची. तेव्हा 'मृद्बंध जैवविज्ञान' नावाच्या कंपनीनं लांबच्या थंड डोंगरांतली एक बिनशंखाची गोगलगाय आणली. ही पाला खात नाही, शिकार करते. हातभर खोल बिळात राहते, जिभेवर विळ्यासारख्या वाकड्या दातांच्या रांगा असतात, आणि जमिनीतली अंडी ती हुडकून खाते. कंपनीनं तिला आपला उन्हाळा सोसेल अशी करून घेतली, भूमिसखी असं माहेरवाशिणीला शोभेलसं नाव दिलं आणि खोक्यांत भरून विकायला काढली.

अंडी संपली की ती काय खाणार, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच होता. कंपनीचं उत्तर तयार होतं: ती मरून जाईल, कारण तिला पिल्लंच होत नाहीत. बहुतेक प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. तीन केले की वाटणी जमत नाही आणि बीज धरत नाही. बिनबियांचं कलिंगड याच युक्तीनं करतात. भूमिसखीला तीन संच दिले होते. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं: संपूर्ण वांझ, संपूर्ण सुरक्षित.

"पण हजारात तीन-चार जणींची वाटणी चुकून जमते," सर म्हणाले. "आणि गोगलगायीत नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं, एकटीनंही भागतं. हे कंपनीला चाचणीतच दिसलं होतं. अहवालात त्याला 'नगण्य' असा शब्द वापरलाय."

रत्नाक्कानं मनात मांडणी केली. तिघींची वर्षाला प्रत्येकी पन्नास अंडी, म्हणजे दीडशे. दीडशेची पुढच्या वर्षी साडेसात हजार. निम्मी मेली असं धरलं तरी दोन हजारांच्या घरात. शंखींची अंडी संपल्यावर त्या गांडुळांवर आल्या होत्या. आणि गांडूळ गेलं की जमिनीतल्या नळ्या बुजतात, पाणी मुरायचं थांबतं. नगण्य हा शब्द कोणत्या शाळेत शिकवतात, असा प्रश्न तिला पडला.

पण सरांनी पुढचं विचारलं तेव्हा हिशेब बाजूला राहिला. भूमिसखी स्वतःहून वर्षाला पन्नास पावलंसुद्धा जात नाही, ती जाते मातीबरोबर. तुमच्याकडे माती कुठून आली, आणि तुमच्याकडून कुठे गेली?

माती आली होती कार्तिकात, मृद्बंधकडूनच. महिला गटांना 'सुपीक माध्यम' मोफत, असा कार्यक्रम झाला होता. चार ट्रॉल्या माती, एक शाल, एक नारळ आणि पेपरात फोटो. भूमिसखी ज्या ट्रेमध्ये वाढवायची, त्यांतलं ते जुनं भरण होतं. सरकारी परवानगीची सातवी अट सांगत होती की वापरलेली माती वाफवल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ नये. चार ट्रॉल्या माती वाफवायची म्हणजे यातायात. त्यापेक्षा बायकांना सक्षम करणं स्वस्त पडतं.

आणि गेली कुठे? वाणात.

इथं शिपूरवाडीच्या बायकांबद्दल थोडं सांगायला हवं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी ती वाण लुटते, आणि कुणी काय लुटलं हे कुणी विसरत नाही. दत्तवाड्यातल्या सूनबाईंनी एकदा प्लास्टिकचे चमचे दिले होते; त्यांना अजून चमचेवाल्या म्हणतात, आणि त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. रत्नाक्काला माणूस ओळखायला चेहरा लागत नाही, वाण पुरतं. तिची एक लांबोडी वही होती. तीत दोन बाजू: आलं आणि गेलं. फुकट आलेली गोष्टसुद्धा नाव, तारीख आणि नग घालून मांडलेली, कारण फुकट घेतलेलं परत करायचं असतं हा तिच्या सासूचा दंडक.

त्या वर्षी गटानं ठरवलं की प्लास्टिक बंद, प्रत्येकीला कुंडीतली तुळस. मातीनं भरलेल्या तीनशे चाळीस कुंड्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावातल्या, माहेरी आलेल्या, पाहुण्या म्हणून आलेल्या बायकांनी त्या मांडीवर घेऊन नेल्या: निपाणी, सांगली, चिपळूण, बार्शी, नाशिक. तुळस लावताना मुळाची माती झाडत नाहीत, मातीसकट लावतात. वाण टाकत नाहीत. तुळस उपटत नाहीत. भूमिसखीला हजारो वर्षांत कधी मिळाली नसेल अशी वाहनव्यवस्था शिपूरवाडीनं हळदकुंकू लावून करून दिली होती.

मुजावर सरांनी हिशेब सांगितला. पाऊस लागायला महिना आहे. तोवर कुंड्या सापडल्या तर प्रत्येक ठिकाणी चार हात जागेत वाफ सोडणारी लांब सुई खुपसून, जनावर अंड्यांसकट भाजून प्रकरण मिटेल. तसली यंत्रं कृषी खात्याकडे आहेत. पाऊस लागला की या ओल्या मातीतून पसरतील, आणि मग त्यांना परत बोलवायची कुणाच्या बापाची ताकद नाही. वहीत जितकी नावं, तितक्या सुया. एकही गाळायचं नाही.

रत्नाक्का घरी आली आणि वही उघडून बसली. दोनशे सतरावं नाव तिला न बघताच माहीत होतं. केतकी. तिची एकुलती एक लेक, पाचगणीच्या पठारावर भिलार्‍यांच्या घरी दिलेली. भिलार्‍यांची स्ट्रॉबेरीची रोपवाटिका. उन्हाळ्यात चाळीस हजार मातृरोपं लावायची, पावसाळ्यात त्यांना फुटलेले रनर, म्हणजे सरपटत जाणारे फुटवे, मातीच्या पिशव्यांत धरायचे आणि भाद्रपदात महाराष्ट्रभर पाठवायचे, शिवाय कर्नाटकात. घरच्या अंगणात एक भूमिसखी निघाली तर सगळी रोपं जप्त, वर्ष बुडालं आणि वीस वर्षांचं नाव गेलं. नाही निघाली, म्हणजे कुणी बघितलंच नाही, तर भाद्रपदात ती दोन राज्यांत.

गोष्ट फुटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मृद्बंधचे रोहन सरनोबत आले. मऊ बोलणारा, चहा बशीत न ओतणारा तरुण माणूस. त्यांना वही हवी होती, केवळ शास्त्रासाठी. ती कंपनीकडेच राहील, कुणाला त्रास होणार नाही असं ते तीनदा म्हणाले, त्यावरून रत्नाक्काला कळलं की कुणाला तरी होणार आहे. मग त्यांनी अहवालाचा मसुदा दाखवला. प्रसाराचं कारण: 'स्थानिक महिलांनी प्रथेपोटी केलेलं रोपांचं विनापरवाना वाटप.' तिनं मातीचं विचारलं. ते म्हणाले, मॅडम, माती दिल्याची आमच्याकडे नोंद नाही.

"फोटो हाय की."

"फोटोत शाल दिसते, मॅडम. माती दिसत नाही."

तिनं त्यांना दुसरा चहा विचारला नाही. शिपूरवाडीत याला हाकलणं म्हणतात.

त्याच दुपारी विहीणबाईंचा, सरोजिनी भिलार्‍यांचा फोन आला. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग आंबे उतरले का ते विचारलं आणि मग मुद्द्यावर आल्या. यादी होणार म्हणे. त्यातली एक ओळ राहून गेली तर कुणाला कळणार आहे? तुळस तर थंडीतल्या बाळासारखी नाजूक, ती केव्हाच वाळली. कुंडीतली माती त्यांनी खतखड्ड्यात टाकली आणि ते खत परवाच मातृरोपांना घातलं. म्हणजे विषय संपला.

विषय संपला नव्हता, चाळीस हजार रोपांच्या मुळाशी जाऊन बसला होता. रत्नाक्कानं तसं सांगितलं, सावकाश, मुजावर सरांच्या शब्दांत.

"रत्नाताई," विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लेकीला इथं नांदायचंय. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

केतकीला फोन लावला तर ती स्वयंपाकघरात होती, मागे सासूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. तुला जे बरं वाटेल ते कर, एवढंच म्हणाली. हे वाक्य लेकीनं म्हटलं की त्याचे निदान चार अर्थ होतात, आणि आईला नेमका पाचवा काढावा लागतो.

इंदूनं तिला वहीवर पेन धरून बसलेली पाहिली. दोनशे सतराव्या ओळीवर एक रेघ ओढायला काय लागतं? शाई आणि थोडी लाज बाजूला ठेवणं. "खोड की," इंदू म्हणाली. "तीनशे एकोणचाळीस बायांच्या दारात सुई जाईल, तुझ्या एकीच्या न्हाई. कुणी इचारलं तर सांगू, भिलार्‍याच्या सुनंला आम्ही चमचे दिलते."

रत्नाक्का हसली नाही. तिनं पेनाला टोपण लावलं आणि सरपंचांकडे जाऊन ग्रामसभा मागितली. वही कंपनीला द्यायची नव्हती. त्यांना तिच्यातली सोईची पानं ठेवून बाकीची गाळता आली असती. वही पोटाशी धरूनही चालणार नव्हतं. पण ग्रामसभेत जे वाचलं जातं ते ग्रामसेवकाला इतिवृत्तात उतरवून घ्यावंच लागतं, आणि उतरलेलं इतिवृत्त मृद्बंधच काय, कुणालाच परत पुसता येत नाही. तिच्या मनात एवढीच गोष्ट पक्की होती: वाचायची तर अख्खी, आलं या बाजूपासून.

सभेला एरवी कोरम भरत नाही. त्या दिवशी बायकांनी सभागृह भरलं आणि पुरुष खिडक्यांत उभे राहिले. आधी सरनोबतांनी पडद्यावर चित्रं दाखवली. ते म्हणाले, भूमिसखी वांझ आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. त्यामुळे गावात सापडलेली जात वेगळीच असणार, कुठून तरी रोपांबरोबर आलेली. मुजावर सर उठणार होते, पण त्यांच्या आधी इंदू उठली.

इंदूला मूल नव्हतं. बावीस वर्षांत तिला हळदीकुंकवाला बोलावलं जायचं ते रत्नाक्काच्या धाकानं, आणि ओटी भरताना बायकांचे हात तिच्यापाशी आखडायचे. हे सभागृहातल्या प्रत्येकीला माहीत होतं, कारण बहुतेक हात त्यांचेच होते.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्यात बाईला वांझ म्हटलं की कोपऱ्यात बसवत्यात. तुमच्यात खोक्यात भरून इकत्यात. तेवढा फरक मला कळला. पर सरांनी हिच्या पोटातनं सव्वीस अंडी काढली ती आम्ही दोघींनी बघितली. मग खोटं कोण बोलतंय? जनावर का तुमचा कागद?"

कुणी टाळी वाजवली नाही. बायका खाली बघत होत्या. सरनोबतांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

मग रत्नाक्कानं वही उघडली. आलं या बाजूची ओळ आधी: 'कार्तिक वद्य पंचमी, मृद्बंध यांजकडून माती, ट्रॉल्या चार, शाल एक, नारळ एक.' सरनोबत म्हणाले की खासगी वहीतली ही नोंद इथं लागू नाही. ग्रामसेवकानं मान वर न करता विचारलं, चार ट्रॉल्या ना? आणि लिहिलं. पुढे गेलं या बाजूची नावं. नाव, गाव, दार ओळखायची खूण. एकेक नाव घेतलं की सभागृहात एकेक तोंड उतरायचं. कुणी म्हणालं, माझी मी नणंदेला दिली. तेही लिहिलं गेलं. चमचेवाल्या सूनबाईंनी स्वतः उठून सांगितलं की आपल्या तुळशीची माती भावाच्या आल्याच्या शेतात गेलीय, आणि रडल्या. कुणी त्यांना तेव्हा चमचेवाल्या म्हटलं नाही. तुळस उपटायची कशी यावर दहा मिनिटं गेली, तेव्हा सर म्हणाले, उपटू नका, शेंडा खुडून, धुऊन पाण्यात लावा, सुई मातीत जाईल.

दोनशे सोळा झालं. रत्नाक्कानं पान उलटायचं कारण नसताना बोटाला थुंकी लावली.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. "केतकी भिलारे, माहेरची चौगुले. पाचगणीचं पठार, स्ट्रॉबेरीची रोपवाटिका. माती खतात गेली, खत मातृरोपांना. चाळीस हजार."

मागच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं, अगदी हळू. ती पुढे गेली. दोनशे अठरा.

वाचायला तीन तास लागले. इतिवृत्ताची नक्कल संध्याकाळच्या आत तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयात पोचली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मृद्बंधचं निवेदनही आलं: एका पारंपरिक समारंभातून परकीय जीवांचा प्रसार झाल्याबद्दल कंपनीला खेद वाटतो, आणि महिलांच्या प्रबोधनासाठी ती शिबिरं घेणार आहे. मातीचा उल्लेख नव्हता. रत्नाक्कानं पेपर उलटा करून त्यावर शेवग्याच्या शेंगा मोडल्या. जिल्ह्यातली सुयांची पहिली गाडी निपाणीकडे निघाली होती, दुसरी सांगलीला. साताऱ्याची, म्हणजे पाचगणीला जायची गाडी परवा मिळेल असं कळलं.

विहीणबाईंचा फोन येईल म्हणून ती सकाळपासून थांबली होती. काय ऐकावं लागेल ते तिनं मनात मांडूनही ठेवलं होतं, अगदी लेकीला घेऊन जा इथपर्यंत. दुपारी फोन वाजला तो केतकीचा. मागे बांगड्या वाजत नव्हत्या. वारा होता, आणि लांब कुठेतरी ट्रॅक्टर नुसताच घुरघुरत उभा होता.

केतकीनं सांगितलं ते तुटक होतं. सुया यायच्या आत अर्धी रोपं वाईला दिराच्या रानात हलवायचं ठरलं होतं. गाडी लागली होती. सासूबाई सकाळपासून तिच्याशी बोलत नाहीत आणि नवरा बोलतोय ते ऐकण्यासारखं नाही. सासऱ्यांनी रोपांच्या पॉलीहाऊसचं दार एकदा हलवून बघितलं आणि मग तिथंच पायरीवर बसून राहिले, कपाळाला हात लावून.

"तू कुठं आहेस?" रत्नाक्कानं विचारलं.

"दारात. कुलूप लावलंय मी." मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "आई, सुयांची गाडी परवा नको, आज पाठवा म्हणावं. किल्ली माझ्या मुठीत आहे, पण किती वेळ राहील ते मला सांगता येत नाही."